छतावर सोलर बसवण्याआधी: आपली वीज कुठून येते आणि तिचा भार कोणावर पडतो

सातारा, कराड, पाटण भागातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

सोलरची चौकशी करायला आलेला माणूस आधी बिलाचं विचारतो, आणि ते योग्यच आहे. हल्ली मात्र सोबत आलेली मुलं आणखी एक गोष्ट विचारतात: याने प्रदूषण खरंच कमी होतं, की नुसतं म्हणायला? याचं प्रामाणिक उत्तर दुकानात उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हे पत्रक. घरी सगळ्यांनी मिळून वाचा.

आज घरात येणारी वीज

महाराष्ट्रातली निम्म्याहून जास्त वीज आजही दगडी कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ ही नावं आपण बातम्यांत ऐकतो. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे.

एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण फार, तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. आता आपलं बिल काढा. महिन्याला २०० युनिट वापर असेल आणि सगळी वीज कोळशाची धरली, तर तुमच्या एका घरासाठी दर महिन्याला सव्वाशे किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि चाळीसेक किलो राख मागे उरते. ती राख साताऱ्यात दिसत नाही, कारण ती वीजकेंद्रांजवळ, बरीचशी विदर्भात साचते. जुलै २०२२ मध्ये मोठ्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी आसपासच्या शेतांत, नदीनाल्यांत शिरलं. चंद्रपूरच्या औद्योगिक पट्ट्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ सालीच अतिप्रदूषित ठरवलं होतं. आपण बटण दाबतो इथे आणि खोकतं कोणीतरी तिकडे. हे आम्हाला पटत नाही, म्हणून या धंद्यात आहोत.

धुरातून जाणारा कार्बन डायऑक्साइड वेगळाच. देशभरातल्या सगळ्या प्रकारच्या विजेची सरासरी धरली तरी एका युनिटमागे तो सुमारे ७०० ग्रॅम भरतो. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू हे साठे जमिनीखाली तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. खणून काढले की संपले. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिच्यात धूर नाही, पण युरेनियमही खाणीतूनच येतं आणि वापरलेलं इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं.

पाणी आणि वारा: आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं

न संपणाऱ्या स्रोतांची वीज म्हणजे कोणाला काहीच झळ नाही, असं आम्ही ग्राहकांना सांगत नाही. साताऱ्यात राहून तसं सांगणं शोभणारही नाही.

कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). त्याचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज तयार होते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेकडे वळवायला राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची मुभा आहे. वीज प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. संध्याकाळी मागणी एकदम वाढली की कोयनेचे संच काही मिनिटांत चालू करता येतात. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही. महाराष्ट्रावर कोयनेचे उपकार मोठे आहेत. पण ज्यांची गावं शिवसागर जलाशयाखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभरचे अभ्यासक कोयनेचं नाव घेतात. त्याच अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे.

चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या तर सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केलेलं काम २०१८ साली प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. शिकारीच कमी झाले, तेव्हा सरडे वाढले. गळ्याखाली निळा, काळा, नारिंगी पंखा फुलवणारा जो सरडा या पठारावर दिसतो, तो तिथे संख्येने जास्त आणि धीटही झालेला. माणूस बराच जवळ आला तरी पळेना. पठारावर धूर नाही, राख नाही, तरी बदल झालाच. म्हणून पवनचक्क्या नकोत असा अर्थ आम्ही काढत नाही. त्या कुठे उभ्या करायच्या हे बघून ठरवावं, इतकंच.

साखर कारखान्यांत बगॅस, म्हणजे रस काढून उरलेली उसाची चिपाडं, जाळूनही वीज तयार होते. त्यातून निघणारा कार्बन उसानेच हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे कोळशापेक्षा ती केव्हाही बरी. मात्र गळीत हंगाम संपला की बगॅसही संपतं, आणि उसाला लागणारं पाणी हिशेबात धरायलाच हवं.

मग छतावरचं सोलर कुठे बसतं?

आमच्या मते छतावरच्या पॅनलची सर्वांत जमेची बाजू जागा ही आहे. स्लॅब आधीच बांधलेला असतो. नवी जमीन लागत नाही, झाड तोडावं लागत नाही, माळरान अडत नाही. शिवाय वीज तयार होते तिथेच वापरली जाते.

१ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात. म्हणजे ३ किलोवॉटचे वर्षाला ४,००० युनिटच्या वर. वर दिलेल्या हिशेबाने वर्षाला अडीच टनांच्या आसपास कोळसा वाचतो.

पॅनल तयार करतानाही प्रदूषण होतं. सिलिकॉन वितळवायला प्रचंड वीज लागते आणि ती बरीचशी कोळशाचीच असते. पण तेवढी वीज पॅनल पहिल्या एक ते तीन वर्षांत परत देतं आणि पुढे वीसेक वर्षं चालत राहतं. जुनं झालेलं पॅनल भंगारवाल्याला देऊ नका. काचेखाली सोल्डरमध्ये शिसं असतं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलचा समावेश आहे. फुटलेलं किंवा बाद पॅनल आम्हाला कळवा, ते नियमाप्रमाणे पाठवायची जबाबदारी आमची. जुन्या बॅटऱ्यांचंही तेच.

सही करण्याआधी हे माहीत असू द्या

लाइट गेली की बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून आलेल्या विजेचा शॉक बसू नये, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःहून थांबतो. ही सोय कोणाच्याही सांगण्यावरून काढून टाकू नका.

रात्रीची वीज महावितरणकडूनच येते. घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे दिवसा दिलेले युनिट बिलातून वजा होतात, पण रात्री तुमच्या घरात येणारी वीज कोळशाची किंवा कोयनेचीच असणार. पावसाळ्यात उत्पादन चांगलंच घटतं. पाटण, महाबळेश्वरकडे जरा जास्तच. मे महिन्यात ऊन कडक असूनही पॅनल तापल्यामुळे थोडं कमी देतं.

धुवायचं तर सकाळी लवकर, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग धरतात आणि मग ते निघता निघत नाहीत.

आणखी एक. पॅनल घेण्याआधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर दिवसाला दोन युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॉटच्या पॅनलचं काम झालं. अंघोळीचं पाणी विजेच्या गिझरवर तापवत असाल, तर आधी सोलर वॉटर हीटरचा विचार करा. यात आमची विक्री कमी होते, पण न वापरलेल्या युनिटला ना कोळसा लागतो ना पॅनल.

घरगुती ग्राहकांना २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनल भारतात तयार झालेलंच लागतं आणि रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात येते. अनुदान काढून देतो म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

आमच्याकडे येताना गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि दुपारी बारा व चार वाजता काढलेले छताचे दोन फोटो घेऊन या. शेजारच्या नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते त्यात दिसतं. सावली जास्त असेल तर आम्ही बसवायला नकार देतो आणि छत बघायला आल्याचे पैसे घेत नाही.