जुन्या गाडीचं रिकॉल आणि तक्रार: कुठे जायचं, काय न्यायचं

पुण्यात जुन्या गाडीत काही गंभीर दोष दिसला की माणूस आधी संगम पुलाजवळचं आरटीओ गाठतो. रिकॉलसाठी, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देण्यासाठी, तो हेलपाटा घालू नका. तिथे गाडी नावावर होते, पत्ता बदलतो. बनावटीतल्या दोषाची तक्रार दुसरीकडे करायची असते आणि कुठे करायची ते गाडीच्या वयावर ठरतं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ आलं. त्याखाली केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. मालकांनी केंद्राच्या परिवहन पोर्टलवरच्या वाहन रिकॉल विभागात तक्रार नोंदवायची. एका मॉडेलच्या तक्रारी ठरावीक आकड्याला पोचल्या की चौकशी चाचणी संस्थेकडे जाते. हा आकडा त्या मॉडेलच्या विक्रीवर ठरतो. आदेश निघालाच तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

पण गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि ही वर्षं उत्पादनापासून मोजतात. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते बघा. शिवाय दोष रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका पोचवणारा हवा. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, इंधनगळती, चालत्या गाडीत बंद पडणारं सॉफ्टवेअर हे त्यात येईल. एसी नीट गार करत नाही, डॅशबोर्ड खडखडतो, ॲव्हरेज कमी पडतं, याला रिकॉल म्हणत नाहीत.

मग २०१२-१३ च्या गाडीचं काय? इथे कंपनीने स्वतःहून जाहीर केलेलं रिकॉल कामी येतं, आणि त्यात बऱ्याच जुन्या गाड्याही आलेल्या आहेत. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. तिच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने आणि उष्णतेने ते खराब व्हायचं, मग एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटून त्याचे तुकडे आतल्या माणसांवर उडायचे. होंडाने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात सुमारे २ लाख २३ हजार गाड्या यासाठी परत बोलावल्या, त्यांत २००४ पासूनच्या सीआर-व्हीही होत्या. म्हणजे हा दोष गाडी जुनी होता होता वाढत जाणारा. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य इथे फार महाग पडू शकतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे चासी नंबर काढणं. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि आरसीवर व विमा पॉलिसीवर मिळतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, म्हणून गोल दिसतं ते शून्यच धरा. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला की रिकॉल बाकी आहे का ते कळतं. ते जमत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

सेकंडहँड गाडीवाल्यांनी तर हे आजच करावं. माझी गाडी एमएच १४, चिंचवडच्या गृहस्थांकडून घेतलेली. रिकॉलचं पत्र रीतसर आलं, पण त्यांच्या पत्त्यावर. त्यांनी ते जुन्या फायलीत लावून टाकलं. मला कळलं ते दोन वर्षांनी, तेही विम्याचे कागद मागायला गेलो म्हणून.

सर्व्हिस सेंटरला आरसी, स्वतःचं ओळखपत्र आणि असतील तर जुनी जॉबकार्डं (सर्व्हिसच्या कामाची नोंद असलेले कागद) न्या. काउंटरवर ‘वॉरंटी संपली’ असं ऐकवलं तर शांतपणे सांगा, रिकॉलचा आणि वॉरंटीचा संबंध नाही. जाहीर झालेल्या रिकॉलचं काम फुकट होतं, सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये केलेली असली तरी. जॉबकार्डावर रिकॉलचा उल्लेख लिहून घ्या. सुटा भाग शिल्लक नसेल तर तेही लेखी मागा. तोंडी ‘फोन करतो’ला पुढे कुणी विचारत नाही.

दोष आहे पण रिकॉल जाहीरच नाही, अशा वेळी कंपनीच्या ग्राहक विभागाला तारीखवार ईमेल करा. फोटो, व्हिडिओ, जॉबकार्डं जोडा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही पुण्यात राहत असाल तर कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तक्रार पुण्यातच करता येते. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी संस्था आहे, म्हणून काही जण परस्पर तिथे जायचं म्हणतात. रिकॉलची चौकशी चाचणी संस्थेकडे सरकार सोपवतं, एकट्या मालकाच्या अर्जावर ती सुरू होत नाही. आणि आयोगात जायचं असेल तर सदोष भाग बदलून घेतल्यावर जुना भाग गॅरेजात सोडून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा.