महासाथीतला परिचारिकांचा थकवा

महासाथीच्या काळात नर्सेसना येणारा शरीराचा आणि मनाचा थकवा, आणि त्याच्याबरोबर येणारी झोपमोड, चिंता, नैराश्य, चिडचिड, कामावरून मन उडणं, हे सगळं मिळून हा विषय होतो. हा साधा दमणूक-प्रकार नाही. दमलेला माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो, इथे ड्युटी संपवून अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळ्याला डोळा लागत नाही आणि मॉनिटरचा आवाज कानात वाजतच राहतो.

यासाठी सर्रास वापरला जाणारा ‘बर्नआऊट’ हा शब्द मुळात कुणाचा, यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांचं नाव आणि १९७४ हे साल दिलेलं असतं, ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे आणि तिथल्या स्वयंसेवकांची हळूहळू होणारी अवस्था त्यांनी लिहून काढली. पण त्याआधी १९६९ मध्ये हॅरल्ड ब्रॅडली यांनी तरुण गुन्हेगारांसाठीच्या सुधारणा कार्यक्रमातल्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहिताना हा शब्द वापरलेला आहे, आणि फ्रॉइडनबर्गर यांनी तो दवाखान्याच्या आसपासच्या नशा करणाऱ्यांच्या बोलीतून उचलला असंही सांगतात. तेव्हा त्यांनी शब्द ‘रूढ केला’ म्हणणं जास्त बरोबर. तो मोजण्याजोगा केला क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी, १९८१ मध्ये. त्यांच्या प्रश्नावलीत २२ विधानं आहेत आणि तीन बाजू: आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न बघता नुसती केस म्हणून बघणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही भावना आटणं.

‘करुणा-थकवा’, म्हणजे सतत दुसऱ्याची काळजी घेऊन आतली माया आटणं, ही संज्ञा मात्र थेट नर्सिंगमधली. कार्ला जॉइनसन यांनी १९९२ मध्ये ती नर्सेसच्या संदर्भात वापरली, पुढे १९९५ च्या सुमारास चार्ल्स फिगली यांनी तिला दुसऱ्याचं दुःख सतत बघून होणाऱ्या आघाताकडे वळवलं, त्यामुळे आज दोघांच्या अर्थांची सरमिसळ होते. तिसरी संज्ञा ‘नैतिक क्लेश’, ती अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये मांडली: योग्य काय ते कळतंय पण संस्थेच्या अडचणींमुळे ते करता येत नाही. महासाथीतल्या अनुभवाला ही तिसरीच सगळ्यात जवळची वाटते. नातेवाइकांना वॉर्डात सोडत नव्हते, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन रुग्णाच्या कानाशी धरून नर्स उभी राहायची, पलीकडून मुलगी रडत बोलतेय, आणि त्याच वेळी शेजारच्या बेडचा औषध सोडणारा पंप वाजतोय. हात एकच मोकळा. त्या वेळी फोन लवकर ठेवल्याची बोच पुढे महिनोन्‌महिने जात नाही, आणि तिला ‘काळजी घ्यायचा कंटाळा आला’ म्हणणं म्हणजे सरळ अन्याय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत (लागू १ जानेवारी २०२२) बर्नआऊट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून.

कोविडमधले सुरुवातीचे आकडे चीनचे. जानेवारी २०२० च्या शेवटी ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, त्यात नर्सेस ६० टक्क्यांहून जास्त होत्या, नैराश्याची लक्षणं सुमारे ५० टक्के, चिंतेची ४५ टक्के आणि निद्रानाशाची ३४ टक्के लोकांत आढळली. हे स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून आहे, डॉक्टरने केलेलं निदान नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचावं. साथ ओसरली की सगळं निवळतं असंही नाही. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर कॅनडातल्या टोरांटोमध्ये वर्ष-दोन वर्षांनी बघितलं तेव्हा सार्सचे रुग्ण सांभाळलेल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांत बर्नआऊट इतरांपेक्षा जास्तच निघाला.

कारणांत भीती येते, स्वतःची आणि घरी संसर्ग नेण्याची. पीपीई किटमध्ये तासन्‌तास पाणी पिता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही, एन-९५ मास्कने नाकावर जखम होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं झोपवायला चार-पाच जण लागतात, एक जण नुसती नळी सांभाळायला. पण मुळाशी आहे एका नर्समागे किती रुग्ण हा हिशोब. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात प्रत्येक वाढीव रुग्णामागे बर्नआऊटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा मृत्यूचा धोकाही ७ टक्क्यांनी, आणि हे साथ नसताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नर्सिंगवरच्या अहवालात जगभरात ५९ लाख नर्सेसची कमतरता नोंदवलेली होती, म्हणजे साथ आली तेव्हा हात आधीच अपुरे होते. त्यात साडेबारा तास किंवा त्याहून लांब शिफ्ट झाली की चुकांचा धोका तिप्पट होतो असं २००४ च्या एका अभ्यासात दिसलं, आणि चुकीची भीती हाच पुन्हा मनावरचा ताण.

उपायांत समुपदेशन, हेल्पलाइन, ध्यानाची ॲप असं बरंच काही पुरवलं गेलं. पण वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या नोव्हेंबर २०२० च्या आढाव्यात यातलं नेमकं काय उपयोगी पडतं याचा भरवशाचा पुरावा फारच थोडा निघाला, आणि आघातानंतर एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याच्या पद्धतीचा फायदा त्याआधीच्या आढाव्यांतही दिसलेला नव्हता. नर्सेस स्वतः मागतात ते फार साधं असतं: रिलिव्हर (पुढच्या ड्युटीची नर्स) वेळेवर यावा, नाईटनंतर खरा ऑफ मिळावा, आणि किट काढायला-घालायला जाणारा वेळ जेवणाच्या सुट्टीतून कापू नये.