बेअर क्रीकच्या माशाला भीती वाळूची

ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा अधिकृत राज्यमासा. हिरवट पाठ, अंगावर काळे ठिपके, जबड्याखाली लाल रेघा. मूळचा साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यातला. खाणींचं दूषित पाणी, बेसुमार मासेमारी आणि बाहेरून आणून सोडलेले ट्राउट यांनी तो इतका घटला, की १९३७मध्ये नामशेष मानला गेला. १९५०च्या दशकात काही ओढ्यांत तो पुन्हा दिसल्याचं वाटलं आणि त्यांच्याच पिल्लांवर पुढची अनेक वर्षं संवर्धनाचं काम चाललं.

ते मासे वेगळेच निघाले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांत अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या माशांचा डीएनए तपासला. २०१२मध्ये निष्कर्ष आले. खरा ग्रीनबॅक जगात एकाच ठिकाणी उरला होता: कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरालगतच्या बेअर क्रीक ओढ्यात, जेमतेम सहा किलोमीटरच्या पट्ट्यात. एवढा घोळ झाला कसा? १८८५ ते १९५३ या काळात कोलोरॅडोच्या पाण्यांत ७५ कोटींहून अधिक ट्राउट सोडले गेले होते. कुठला मासा कुठला, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं तेव्हाच संपलं होतं.

मजा म्हणजे बेअर क्रीक हे त्याचं मूळ घरच नाही. हा ओढा आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातला. १८८०च्या सुमारास जोसेफ जोन्स नावाच्या हॉटेलवाल्याने पर्यटकांना गळ टाकता यावा म्हणून इथे हे मासे आणून सोडले, असं जुन्या नोंदींवरून दिसतं. धंद्यासाठी केलेल्या या उद्योगातून एक अख्खी जात तगली. संवर्धनाच्या इतिहासात याहून विचित्र योगायोग क्वचितच सापडेल.

आता प्रश्न या ओढ्याचा. वरचं जोन्स पार्क कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या पाणीपुरवठा विभागाच्या मालकीचं होतं, बाकीच्या बऱ्याच भागावर वन विभागाचा ताबा. इथल्या पाइक्स पीक डोंगराचा ग्रॅनाइट ऊनपाऊस आणि हिमाच्या माऱ्याने सुटा होतो, त्याची भरड वाळू होते. पायवाटा नेमक्या ओढ्याच्या काठाने जायच्या. चालणारे, सायकलवाले, मोटरसायकलवाले, सगळ्यांच्या त्या लाडक्या. पावसाची सर आली की वाटेवरची सुटलेली वाळू थेट पाण्यात.

ट्राउटची मादी तळाच्या खडीत खळगा करून अंडी घालते आणि वरून खडी लोटते. खडीच्या फटींतून वाहणारं थंड पाणी अंड्यांना प्राणवायू पुरवतं. फटीत वाळू बसली की प्रवाह थांबतो आणि अंडी गुदमरतात. मोठ्या माशांना हिवाळ्यात आसरा देणारे खोल डोहही वाळूने भरतात.

२०१२मध्ये एका पर्यावरण संघटनेने वन विभागाला न्यायालयात खेचलं आणि ओढ्यालगतच्या वाटांवर मोटरसायकलींना बंदी आली. बंदी गरजेचीच होती. पण शहराला खेटून असलेल्या डोंगरात नुसत्या पाटीने कोणी थांबत नाही. फिरायला दुसरी वाट द्यावी लागते. म्हणून वन विभाग, शहर, काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन), राज्याचं वन्यजीव खातं, ट्राउट अनलिमिटेड ही मासेमारांची संघटना, रॉकी माउंटन फील्ड इन्स्टिट्यूट आणि वाटा वापरणारे गट एकत्र बसले. वाद पुष्कळ झाले. पाण्यापासून दूर नवी वाट काढायची आणि जुनी बंद करून उतारावर झाडोरा लावायचा, असं ठरलं. स्वयंसेवकांनी कुदळ-फावडी हातात घेतली. जोन्स पार्क २०१५मध्ये काउंटीकडे गेलं. ओढ्यात मासेमारीला मनाई आहे.

माशांच्या बाजूचं काम शास्त्रज्ञ करतात. सगळे मासे एकाच ओढ्यात, म्हणजे एक वणवा लागून राखेचा लोंढा आला की खेळ संपला. त्यामुळे बेअर क्रीकच्या माशांपासून मत्स्यबीज केंद्रांत पिल्लं वाढवली गेली आणि २०१४पासून झिमरमन सरोवरात व पुढे साउथ प्लॅट खोऱ्यातल्या इतर पाण्यांत सोडली गेली. मूळ कळप इतका लहान, की मासे एकमेकांचे जवळचे नातलग. केंद्रातली बरीच अंडी आणि पिल्लं दगावतात. म्हणून बेअर क्रीकच्या नरांचं वीर्य नेऊन झिमरमनच्या माद्यांच्या अंड्यांवर वापरतात. हर्मन गल्च या ओढ्यात तर स्वयंसेवकांनी पाण्याच्या पिशव्यांतले मासे पाठीवर वाहून चढण चढली. तिथे ते आपसूक वीण घालू लागल्याचं राज्याच्या वन्यजीव खात्याने २०२२मध्ये जाहीर केलं. मूळ खोऱ्यात मोकळ्या पाण्यात जन्मलेली पिल्लं आता मिळाली आहेत, आणि बेअर क्रीकच्या वाटांची डागडुजी चालूच आहे, कारण ग्रॅनाइट सुटायचा थांबत नाही.