गादी सरकलीय, मग सुईने काम भागेल का?

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की त्यात हमखास एक ओळ असते, एल४-एल५ डिस्क बल्ज, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीय. मग घरात चर्चा सुरू, कोणी म्हणतं मणक्यात गॅप आलाय, कोणी म्हणतं नस दबलीय, आणि तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात येते की बिनटाक्याचं, फक्त सुईने, संध्याकाळी घरी. ही सुईने गादीतला दाब उतरवायची भानगड खोटी नाहीये, पण ती कोणाला उपयोगी आणि कोणाला नाही हे जाहिरातीत कधीच लिहिलेलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी गादी म्हणजे काय ते बघू. आपल्या पाठीच्या कण्यात अशा २३ चकत्या असतात. मधे जेलीसारखा मऊ गर, त्यात तरुणपणी ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि त्याच्याभोवती चिवट तंतूंच्या थरांवर थर चढवलेलं कडं. आत रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीतच, त्यामुळे तिची झीज भरून येणं फार मंद. आणि दाब किती असतो बघा, जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीतच सेन्सर बसवून मोजलं होतं, १९९९ मध्ये ते छापून आलं. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, आणि पाठ वाकवून २० किलोचं वजन उचललं की २.३. गाडीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो त्याच्या साधारण दहापट. एवढ्या दाबाखाली कडं कुठेतरी कमजोर झालं की गर तिकडे सरकतो, फुगवटा येतो आणि मागून जाणारी नस चेपते, मग कमरेपासून पोटरीपर्यंत ती करंट मारल्यासारखी कळ. सायटिका म्हणतात ते हेच.

सुईमागची सगळी आयडिया या दाबावर उभी आहे. गादी ही बंद जागा आहे, त्यामुळे आतला थोडासा गर जरी काढला, अगदी एक एमएलच्या आसपास, तरी दाब बराच उतरतो आणि फुगवटा आत ओढला जाईल अशी अपेक्षा.

याची सुरुवात मात्र भलतीकडेच झाली, सशाच्या कानात. १९५६ मध्ये लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टरने सशांना पपईतलं पपेन टोचलं तर त्यांचे ताठ कान लुळे पडून खाली लोंबायला लागले, कारण कानातल्या कूर्चेतला (म्हणजे मऊ हाडातला) आधार देणारा भाग विरघळला होता (मटण शिजायला कच्ची पपई लावतात ना, तिच्यातलं तेच द्रव्य). ते वाचून लायमन स्मिथ या ऑर्थोपेडिक सर्जनच्या डोक्यात आलं की कूर्चा विरघळते तर गादीतला गर का नाही विरघळणार, आणि पपईतल्याच कायमोपपेनचं इंजेक्शन त्याने १९६४ मध्ये माणसांच्या गादीत दिल्याचं जाहीर केलं. बऱ्याच जणांना गुण आला, १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली, पण काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी, काही थोड्यांना मज्जारज्जूला इजा, अशा केसेस झाल्या आणि पुढे औषध बाजारातूनच गेलं. मला तरी ही गोष्ट सगळ्या यंत्रांपेक्षा भारी वाटते.

औषध नको तर यंत्राने काढू, असा मग विचार सुरू झाला. जपानमध्ये हिजिकाता या डॉक्टरने १९७५ मध्ये बारीक नळीतून चिमट्याने गर काढला, १९८५ मध्ये ओनिक या डॉक्टरने कापून शोषून घेणारा प्रोब (सुईतून आत जाणारं बारीक सळईसारखं उपकरण) आणला, १९८६ मध्ये ऑस्ट्रियात चॉय आणि आशर यांनी लेझरची फायबर घातली. नंतर फिरत्या मळसूत्राने गर बाहेर ओढणारा प्रोब आला आणि २००० च्या आसपास प्लाझ्माचा. यात टोकाशी रेडिओफ्रिक्वेन्सीने प्लाझ्माचा (रक्तातला नव्हे, वीजभारित वायूचा) पातळ थर तयार होतो, तो गराचे रेणू तोडतो, आणि तापमान ४० ते ७० अंशांच्या दरम्यानच राहतं, लेझरमध्ये ते बरंच जास्त जातं म्हणून आजूबाजूला भाजायची भीती जास्त.

प्रत्यक्षात काय करतात? पेशंटला पालथं झोपवतात, जागेवर भूल देतात, सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनच्या स्क्रीनवर बघत बघत मणक्याच्या बाजूने तिरकी सुई आत नेतात, नस आणि हाड यांच्यामधला एक छोटा त्रिकोण आहे, काम्बिन या सर्जनच्या नावाने ओळखतात, तिथूनच गादीत शिरायचं. पेशंटला मुद्दाम पूर्ण झोपवत नाहीत. का? तर सुई नसेला लागली की पायात कळ जाते आणि तो लगेच ओरडून सांगतो, डॉक्टर थांबतात. मग सुईतून प्रोब, पुढे-मागे काही फेऱ्या, बाहेर काढून एक पट्टी लावली की झालं. मानेत मात्र सुई पुढून जाते, डॉक्टर बोटांनी गळ्याची मोठी रक्तवाहिनी एका बाजूला आणि श्वासनलिका-अन्ननलिका दुसऱ्या बाजूला सारून मधून वाट काढतात. तिथे हात बसलेलाच माणूस हवा.

आता खरा मुद्दा. दाब उतरून फुगवटा आत जायला कडं शाबूत पाहिजे. कडं फाटून गर बाहेर सांडला असेल तर आतला दाब कमी करून बाहेरचा तुकडा परत येत नाही. दुसरं, गादी जुनी सुकलेली असेल तर मुळात दाबच उरलेला नसतो. २००३ मध्ये मृतदेहांवर मोजून पाहिलं होतं, नमुने मोजकेच होते पण निकाल समजण्यासारखा आहे, तरुण निरोगी गादीत प्लाझ्मा प्रोबने दाब खूप उतरला, म्हाताऱ्या झिजलेल्या गादीत जवळजवळ काहीच फरक नाही. म्हणजे ज्यांच्या पायात किंवा हातात कळ जाते, एमआरआयमध्ये छोटा, न फाटलेला फुगवटा त्याच नसेवर दिसतो, गादीची उंची टिकून आहे आणि गोळ्या-व्यायाम करूनही काही महिन्यांत आराम नाही, त्यांच्यासाठीच हा प्रकार. आणि गंमत बघा, जो मोठा तुकडा फाटून बाहेर पडलाय, रिपोर्टमध्ये सगळ्यात भयानक दिसतो, तोच बरेचदा आपोआप विरघळतो कारण शरीरातल्या पेशी त्याला परकं समजून खाऊन टाकतात. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ पेशंटवर अभ्यास झाला, २००७ मध्ये छापला, लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला हे खरं, पण वर्षाच्या शेवटी लवकर ऑपरेशन केलेले आणि थांबून बघणारे अशा दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधे ऑपरेशन लागलं, हेही सांगायला पाहिजे.

नुसती कंबरच दुखते, पायात काही नाही, त्यांनी तर जास्तच जपून. गादीचं कडं आतून तापवायची एक पद्धत मधे फार चालली होती, ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये खोट्या प्रोसिजरशी (सगळं तसंच, फक्त गादी तापवली नाही) तुलना केली तर काडीचाही फरक सापडला नाही. शिवाय रिपोर्टमधला बल्ज हेच दुखण्याचं कारण असं धरून चालू नका, अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या ३० टक्के लोकांत तो दिसतो आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत.

सुई म्हणजे काहीच धोका नाही असंही नाही. गादीत रक्त पोचत नाही म्हणून तिथे इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिकही नीट पोचत नाही, आठवडेच्या आठवडे औषधं घ्यावी लागतात. आणि नुसती तपासणीसाठी बारीक सुई टोचलेल्या गाद्या दहा वर्षांनी जास्त झिजलेल्या सापडल्या होत्या, प्रोबची सुई तर तिच्यापेक्षा जाड.

एका बाबतीत मात्र सुई, मालिश, वाट बघणं सगळं बाजूला ठेवायचं. लघवी अडली किंवा कळायची बंद झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने चालली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं, तिथे तातडीचं उघडं ऑपरेशनच लागू शकतं आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचाही जाऊ शकतो.