रश्शातला तिखटपणा नेमका असतो कुठे?

रस्सा फार तिखट झाला तर त्यात पाणी वाढवावे, हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात पाणी ओतल्यावर मीठ कमी पडते, दाटपणा जातो, मसाल्याचा वास फिका होतो. तिखट मात्र अपेक्षेइतके कमी होत नाही. बटाटा टाकला की तो तिखट शोषून घेतो, ही समजूतही याच जातीची आहे. बटाट्याच्या फोडीत थोडा रस शिरतो हे खरे, पण त्या रसातून तिखट तेवढे वेचून घेण्याची शक्ती तिच्यात नसते. दोन्ही उपाय फसतात, कारण आपण तिखट चुकीच्या ठिकाणी शोधत असतो. ते पाण्यात जवळजवळ नसतेच. ते तेलात, नारळाच्या दुधाच्या स्निग्धांशात किंवा मांसातून सुटलेल्या चरबीत दडलेले असते. मिरची, नारळाचे दूध, कंद, कडधान्ये आणि मांस यांचे उष्ण कटिबंधीय पद्धतीचे दाट रस्से घरी करताना हे एक सूत्र लक्षात ठेवले, तर पातेल्यात घडणाऱ्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

आपल्या परंपरेने कटू म्हणजे तिखट हा सहा रसांपैकी एक मानला. अनुभवाच्या पातळीवर ते वर्गीकरण समजण्यासारखे आहे; शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रसासारखी भरीव, रुचकर चव) या चवी जिभेवरील स्वादकलिकांमधून कळतात, तर तिखटाची जाणीव वेदना आणि उष्णता टिपणाऱ्या मज्जातंतूंमधून होते. म्हणूनच मिरची कापलेला हात डोळ्याला लागला की डोळाही ‘तिखट’ लागल्यासारखा भाजतो, आणि डोळ्यात स्वादकलिका नसतात.

मिरचीतील या दाहक पदार्थाला जॉन क्लो थ्रेश या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये कॅप्सेसिन असे नाव दिले. मिरचीत ते बियांमध्ये तयार होते असे बहुतेकांना वाटते. खरे तर ते बिया ज्या पांढरट गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात तयार होते आणि बियांना केवळ बाहेरून लागते. तेव्हा मिरचीचा जोर कमी करायचा असेल, तर बिया झटकून भागत नाही, तो गाभा आणि आतल्या शिरा खरवडून काढाव्या लागतात. कॅप्सेसिनचा रेणू दोन स्वभावांचा असतो. त्याचे डोके व्हॅनिलाच्या सुगंधी रेणूशी नाते सांगणारे असते, तर शेपटी तेलातील मेदाम्लांसारखी, कार्बनच्या अणूंची लांब साखळी असते. ही शेपटी पाण्याशी जमवून घेत नाही.

किती जमवून घेत नाही, हे मोजता येते. पाणी आणि पाण्यात न मिसळणारा तेलकट द्रव एकत्र ठेवून त्यात कॅप्सेसिन टाकले, ढवळले आणि स्थिर होऊ दिले, तर तेलकट थरातील त्याची तीव्रता पाण्यातील तीव्रतेच्या सुमारे हजार पट किंवा त्याहूनही अधिक भरते. आता एका पातेल्यात १ लिटर पाणी आणि ५० मिलिलिटर तेल आहे असे धरू. गुणोत्तर हजार मानले, तर एकूण कॅप्सेसिनपैकी सुमारे ९८ टक्के त्या ५० मिलिलिटर तेलात जाईल आणि उरलेले २ टक्के लिटरभर पाण्यात पसरेल. आता आणखी १ लिटर पाणी ओता. तेलातील वाटा ९८ वरून ९६ टक्क्यांवर येईल, एवढाच काय तो फरक! घासागणिक तेलाचे थेंब जवळजवळ निम्मे झाले, तरी प्रत्येक थेंब जवळजवळ पूर्वीइतकाच जहाल राहिला. खऱ्या रश्शात भाज्यांचा गर, प्रथिने आणि पिष्ट असल्यामुळे हा हिशेब इतका नेटका राहत नाही, पण दिशा तीच राहते. तिखट कमी करायचे असेल तर वरचा लाल तवंग पळीने काढून घेणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. तवंगाला लाल रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्येही पाण्यात न विरघळणारी आणि तेलात विरघळणारी असल्यामुळे रंग आणि तिखट बरोबरच वर येतात. मात्र रंगाच्या गडदपणावरून तिखटपणा ठरवू नये, कारण मिरचीच्या जातीनुसार दोहोंचे प्रमाण वेगवेगळे असते.

मसाला परतताना ‘तेल सुटेपर्यंत परतावा’ असे सांगतात, त्यामागेही पाणी आणि तेल यांचे हेच नाते आहे. कांदा आणि टोमॅटो यांत भरपूर पाणी असते, आणि ते पाणी शिल्लक आहे तोवर मसाल्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडून राहते, मग आच कितीही मोठी असो. पाणी आटत आले की तेल कडेने वेगळे दिसू लागते, तापमान वर चढते, आणि साधारण १४० अंशांच्या पुढे शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातील ती खमंग अभिक्रिया वेगाने सुरू होते, जिचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. मिरचीची पूड या टप्प्यावर घातली तर तिच्यातील रंग आणि तिखट गरम तेलात चटकन उतरतात. परंतु ती काही सेकंदांत करपते, म्हणून पूड टाकल्यावर लगेच थोडे पाणी किंवा टोमॅटोचा रस हाताशी असावा.

नारळाच्या दुधाने हा खेळ अधिक रंगतो. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे सूक्ष्म थेंब, आणि ते थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्याभोवती असलेले प्रथिनांचे पातळ कवच. सुमारे ८० अंशांना ही प्रथिने गोठू लागतात, कवच फाटते, थेंब एकत्र येतात आणि दूध फुटते. म्हणून ते शेवटी घालून, मंद आचेवर, ढवळत तापवायचे. दूध न फुटलेल्या रश्शात कॅप्सेसिन लाखो सूक्ष्म थेंबांत वाटले गेलेले असते आणि प्रत्येक घास सारखा लागतो. दूध फुटले की कॅप्सेसिन तेलाबरोबर वर गोळा होते. पहिल्या वाढणीला घाम आणि शेवटच्या वाढणीला सपकपणा, असे ज्या रश्शाचे होते त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता या सगळ्यातील मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग, तो म्हणजे जिभेवरच्या मज्जातंतूत पुढे काय घडते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारे प्रथिन शोधून काढले. त्याला टीआरपीव्ही१ म्हणतात, आणि त्यातील ‘व्ही’ हे अक्षर व्हॅनिलाशी असलेल्या त्या रासायनिक नात्यावरूनच आले आहे. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिन म्हणजे मज्जापेशीच्या आवरणात बसवलेली एक दारे असलेली वाहिनी असते. चार सारखे घटक एका छिद्राभोवती उभे असतात आणि त्यातील प्रत्येक घटक आवरणातून सहा वेळा आरपार जातो; आरपार जाणाऱ्या या प्रत्येक मळसूत्री भागाला सर्पिल म्हणतात. सुमारे ४३ अंशांच्या वर तापमान गेले की हे छिद्र उघडते, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत धावतात, विद्युत संदेश निघतो आणि मेंदू म्हणतो, भाजले.

कॅप्सेसिन हीच वाहिनी गार तापमानालाही उघडते. मात्र त्याची बसण्याची जागा पेशीच्या बाहेरच्या अंगाला नाही. ती आवरणाच्या आत, प्रथिनाच्या तिसऱ्या आणि चौथ्या सर्पिलांजवळच्या खाचेत, आतल्या बाजूकडे झुकलेली आहे. पेशीचे आवरण स्वतः स्निग्धाचे, दोन पदरी असते. तेव्हा कॅप्सेसिनला आधी रश्शातील तेल सोडावे लागते, लाळेचे पाणी कसेबसे ओलांडावे लागते, मग पेशीच्या स्निग्ध आवरणात विरघळावे लागते आणि तेथून खाचेत शिरावे लागते. खाचेत ते डोके खाली आणि शेपटी वर अशा स्थितीत बसते. डोके चौथ्या आणि पाचव्या सर्पिलांना जोडणाऱ्या दुव्याला ओढून धरते, तो दुवा बाहेरच्या दिशेने सरकतो आणि छिद्राचे खालचे दार उघडे राहते. २०१३ मध्ये यिफान चेंग आणि ज्युलियस यांच्या गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या वाहिनीची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीवर पाहिली. ज्या शेपटीमुळे कॅप्सेसिन पातेल्यात तेलात लपते, तीच शेपटी त्याला मज्जातंतूच्या आवरणात प्रवेश मिळवून देते. पक्ष्यांमध्येही ही वाहिनी असते, पण तिच्या रचनेतील थोड्या फरकामुळे कॅप्सेसिन तिला उघडू शकत नाही. म्हणून पक्षी मिरच्या निवांत खातात आणि बिया दूरवर पोहोचवतात.

या एका यंत्रणेतून स्वयंपाकाचे अनेक अनुभव स्पष्ट होतात. तिखट लगेच न लागता क्षणभराने चढते आणि दीर्घकाळ रेंगाळते, कारण त्या रेणूला आवरणात शिरायला आणि तेथून निघायला वेळ लागतो. मिरची सारखीच घातली तरी पाणीदार रस्सा पटकन झोंबतो आणि नारळाच्या दुधाचा रस्सा सौम्य वाटतो, कारण स्निग्धात सुखाने राहिलेले कॅप्सेसिन लाळेत उतरायला तयार नसते. कॅप्सेसिन या वाहिनीचा उष्णतेचा उंबरठाही खाली आणते. त्यामुळे वाफाळता रस्सा कोमट रश्शापेक्षा जास्त तिखट लागतो, आणि ज्या तापमानाला तो वाढायचा त्याच तापमानाला तो चाखून पाहणे शहाणपणाचे ठरते. आम्लही या वाहिनीला अधिक संवेदनशील करते, तेव्हा चिंच किंवा लिंबू जास्त झाल्यास झोंबणे वाढू शकते. तोंड भाजल्यावर पाणी प्यायल्याने घोट तोंडात आहे तोवरच गारवा मिळतो. दुधाने खरा आराम पडतो. साय काढलेले दूधही उपयोगी ठरते, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते.

उष्ण प्रदेशांत लोक तिखट खातात ते अन्न टिकावे म्हणून, हे विधान आज सिद्ध सत्यासारखे सांगितले जाते. त्याचा एक उगम जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन यांच्या १९९८ मधील अभ्यासात आहे. त्यांनी ३६ देशांच्या मांसाहारी पाककृती तपासून उष्ण हवामान आणि मसाल्यांचा वापर यांचा संबंध दाखवला होता. कल्पना आकर्षक होती. परंतु २०२१ मध्ये लिंडेल ब्रोमहॅम आणि सहकाऱ्यांनी ७० पाकपरंपरांतील ३३,७५० पाककृतींचे विश्लेषण केले, तेव्हा अन्नातून होणारे संसर्ग टाळण्यासाठीच मसाल्यांचा वापर वाढला याला फारसा आधार मिळाला नाही. मसाल्यात जंतुनाशक गुण प्रयोगशाळेत दिसतात, म्हणून तिखट रस्सा बाहेर ठेवला तरी चालतो, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मिरचीमुळे पोटात व्रण होतात हा समजही असाच टिकून आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी अशा व्रणांमागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो हे दाखवले आणि त्यांना त्यासाठी २००५ चे नोबेल मिळाले. दुसऱ्या टोकाला, मिरचीच्या गोळ्या चरबी वितळवतात अशी जाहिरात करणारेही लोकांची दिशाभूलच करतात.

रश्शातील इतर घटकांविषयी थोडक्यात सांगतो. मांसातील कोलॅजेन हे चिवट प्रथिन तासन्‌तास मंद उकळल्यावर जिलेटिनमध्ये रूपांतरित होते, म्हणून चिवट पडदे आणि शिरा असलेला स्वस्त भाग रश्शाला महागड्या मऊ भागापेक्षा अधिक चांगला. मसाला मांसात मुरतो असे आपण म्हणतो, पण आत खोलवर जाते ते प्रामुख्याने मीठ. कॅप्सेसिन पृष्ठभागाजवळच थांबते आणि धागे सुटे झाल्यावर फटींमध्ये शिरते. कडधान्ये मऊ होण्याआधी टोमॅटो किंवा चिंच घालू नये, कारण आम्लात त्यांच्या पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळत नाही. राजम्याबाबत एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेच्या भांड्यात नष्ट होत नाही, म्हणून भिजवलेला राजमा, भिजवलेले पाणी टाकून, आधी ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे.

उरलेल्या रश्शाबाबत खरी जोखीम क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जीवाणूची असते. त्याचे बीजाणू उकळण्यातून वाचतात, आणि मोठ्या पातेल्याचा मध्यभाग तासन्‌तास ४५ अंशांच्या आसपास राहिला, तर तेथे त्यातून निघालेल्या जीवाणूंची संख्या सुमारे १० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून रस्सा उथळ भांड्यांत वाटून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना पुन्हा चांगला उकळावा.

रश्शात मांसाची चरबी किंवा नारळाचे स्निग्ध असेल, तर दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेल्या भांड्यात वर लाल, घट्ट थापी बसलेली दिसते आणि खाली जिलेटिनमुळे थरथरणारी जेली. तो ९८ टक्क्यांचा हिशेब पडताळण्यासाठी यापेक्षा सोपा प्रयोग नाही. चमच्याच्या टोकावर आधी खालची जेली घ्यावी, मग थोडे थांबून वरच्या लाल थापीचा तेवढाच कण.