पूरपूर्व तयारी, कृष्णा–पंचगंगा खोऱ्यातील

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील नदीकाठच्या सखल गावांत पाणी चढू लागताच माणसे, जनावरे व धान्य उंचावर हलवण्याची रीत. शिरोळ, करवीर, पलूस, वाळवा व मिरज हे तालुके तिचे मुख्य क्षेत्र.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ व धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ (१९२९) कृष्णेची अनुक्रमे ४० व ४५ फूट. धरणांचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) जाहीर होतो, गावात मात्र फूट-इंचच बोलले जातात. घरोघरी त्याहून विश्वासाची ठरते ती भिंतीवरची मागच्या पुराची खूण. २०१९ मध्ये अनेक घरे २००५ च्या खुणेवर विसंबली. सामान माळ्यावर चढवून माणसे तिथेच थांबली. पण पाणी त्या खुणेच्याही वर चढले; आयर्विनजवळ ते ५७ फुटांच्या पुढे गेले. त्याच पुरात ब्रह्मनाळला (ता. पलूस) गावकऱ्यांना नेणारी बोट उलटली.

पुराच्या कारणाबाबत मतभेद आहेत. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने कृष्णेचे पाणी उतरत नाही, असे काठावर सर्रास मानले जाते. म्हणूनच धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करण्यास येथे तीव्र विरोध आहे. पुराच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने (अहवाल २०२०) २०१९ च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. निदान त्या वर्षापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते. पंचगंगेची गोष्ट थोडी निराळी: कृष्णा तुडुंब असली की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेचे पाणी तुंबते व उलट्या दिशेने शिवारात पसरते.

हलवताना जनावरे आधी, कारण दावणीला बांधलेली म्हैस रात्री पाण्यातून काढणे जवळपास अशक्य. मग वैरण, धान्याची पोती, कागदपत्रे. मेन स्विच पाडतात. गॅसची टाकी तरंगून जाते म्हणून ती बांधून ठेवतात. नृसिंहवाडीत दत्तमंदिरात पाणी शिरले की उत्सवमूर्तीही वर हलवतात.

कायमच्या स्थलांतराचे उदाहरण प्रयाग चिखलीचे (ता. करवीर). १९८९ च्या पुरानंतर गावाला उंचावरच्या सोनतळीला जागा मिळाली. पण शेती नदीकाठी राहिली, त्यामुळे जुनी घरे सुटली नाहीत आणि मोठ्या पुरात चिखलीकर जनावरांसह सोनतळी गाठतात.