बाटली आधी आली, मोजमाप नंतर

पुण्यातल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, समुद्राचा थेंबही नसतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी आरओ-डीआयमधून, म्हणजे विरघळलेलं सगळं काढून टाकणाऱ्या गाळणीतून, काढायचं, त्यात बादलीतून मिळणारं तयार समुद्री मीठ कालवून क्षारता 35 वर (किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार) आणायची, आणि मग प्रवाळाला जे हवं ते बाटलीतून द्यायचं. आयोडीन, स्ट्रॉन्शियम, लोह, शिवाय नुसतं ‘ट्रेस’, म्हणजे सूक्ष्म मूलद्रव्यं, असं लिहिलेली एक बाटली. ही सवय आली कुठून?

मुळाशी एक जहाज आहे. ‘चॅलेंजर’ मोहिमेने 1872 ते 1876 दरम्यान जगभरच्या समुद्रांतून पाणी आणलं. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी त्यातले 77 नमुने तपासून 1884 मध्ये दाखवून दिलं की खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच असतं. मिठाच्या बादलीवरचा आपला विश्वास यावरच उभा आहे.

पाण्यात अगदी किंचित असणाऱ्या सूक्ष्म मूलद्रव्यांचं मात्र तसं नव्हतं. जहाजाचा गंज, नमुन्याची बाटली, प्रयोगशाळेतली धूळ, सगळंच पाण्यात मिसळायचं. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी शिशावर काम करताना स्वच्छतेचा आग्रह धरला. तशा पद्धती रुळल्यावर, 1970 च्या दशकात, अनेक धातूंचे जुने आकडे कित्येक पट फुगलेले निघाले. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाजवळ लिटरभर पाण्यात लोह बहुधा 0.06 मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं.

छंद तोवर आपल्या वाटेने पुढे गेला होता. इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडकावर (समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी भरलेल्या खडकावर) टँक चालवण्याची रीत मांडली. पुढे जर्मनीत बर्लिन पद्धत आली: हाच जिवंत खडक (लाइव्ह रॉक), फेसाबरोबर घाण काढून टाकणारा स्किमर आणि कॅल्शियमसाठी ‘कल्कवासर’, म्हणजे आपली चुन्याची निवळी. स्ट्रॉन्शियमचा डोसही त्याच काळात रुजला. समुद्रात ते लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम असतं आणि प्रवाळाच्या सांगाड्यात कॅल्शियमच्या जागी बसतं. पण सांगाड्यात सापडतं म्हणून प्रवाळाला त्याची गरज आहे, असं सिद्ध होत नाही. मला तरी तसा ठाम पुरावा दिसलेला नाही. हान्स-वर्नर बॉलिंग यांची पद्धत जास्त विचारपूर्वक होती. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट टाकत राहिलं की पाण्यात साधं मीठ (सोडियम क्लोराइड) साठतं, म्हणून त्यांनी सोडियम क्लोराइड वगळलेलं मीठ तिसरा भाग म्हणून जोडलं. सूक्ष्म मूलद्रव्यंही हळूहळू या डोसमध्येच मिसळली जाऊ लागली.

आपल्याकडे 2001 पासून कठीण प्रवाळ आणि गॉर्गोनियन (समुद्रपंखे) वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत. माझ्या टँकमध्ये म्हणूनच फक्त सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ, आहेत. त्यांच्यासाठी मी वर्षभर ल्युगॉलचे, म्हणजे आयोडीनच्या द्रावणाचे, थेंब टाकले, आयोडीन एकदाही न मोजता. बाटलीवर डोस छापलेला होता, तेवढं पुरेसं वाटलं.

मोजमाप छंदापर्यंत पोहोचलं ते 2010 च्या दशकात. जर्मनीतल्या ट्रायटनसारख्या प्रयोगशाळा टपालाने आलेले टँकच्या पाण्याचे नमुने आयसीपी-ओईएस यंत्रावर, म्हणजे मूलद्रव्यांच्या प्रकाशावरून त्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, तपासू लागल्या. फायदा मोठा झाला. गंजलेल्या चुंबकातून किंवा पितळी जोडातून उतरणारं तांबं आता कागदावर दिसतं, आणि बिनकण्याच्या प्राण्यांना ते फार लवकर मारतं. स्ट्रॉन्शियम, बोरॉन, पोटॅशियम यांचे आकडेही भरवशाचे मिळतात. लोह किंवा कोबाल्टपुढे शून्य आलं, तर मात्र थांबावं. समुद्रातली त्यांची पातळीच इतकी कमी आहे की ती या यंत्राच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. तिथलं शून्य म्हणजे ‘यंत्राला दिसलं नाही’ एवढंच. अशा शून्यावर डोस वाढवला, तर समुद्रापेक्षा कितीतरी जास्त धातू टँकमध्ये जातो.